नीरा: साडेसातला पाच तारे, अकराला एक

आमच्या एसटी स्टँडजवळच्या नीरा केंद्राबद्दल लिहितेय. नीरा म्हणजे शिंदीच्या झाडाचा न आंबलेला रस. नाव देत नाही, कारण तक्रारही आहे.

सकाळी साडेसातला गेलात तर ग्लास झकास. ताकाच्या निवळीसारखा रंग, शहाळ्यापेक्षा गोड, आणि घोट उतरल्यावर मागे राहणारा शिंदीच्या झाडाचा वास. २० रुपये. बर्फ मात्र घालू देऊ नका, मग पाणीच पिता.

परवा अकराला गेले. ग्लासाच्या कडेला बारीक फेस, नाकाशी नेताच आंबूस. मुलगा म्हणतो, "मावशी, आत्ताच गाडी आलीये!" तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय मी, पर्समध्ये लिटमसच्या पट्ट्या असतात (हसू नका). सकाळच्या नीरेत निळी पट्टी निळीच राहिली होती, ही बघता बघता तांबूस झाली, म्हणजे नीरा आंबलेली. मुलाने गुपचूप ग्लास ओतून दिला. पैसे परत करायचं मात्र विसरला.

नीरेचं नाटक असंच. उजाडायच्या आत उतरवा, मडक्याला आतून चुना लावा, लगेच गार करा, नाहीतर तिची ताडी होते. एवढं करून प्यायची कशाला, हे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी मोजून दाखवलंय. दुर्गा भागवतांची ही बहीण. १९३३ साली बी.एस्सी. होऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या सत्याग्रहाला बसल्या, तेव्हा कुठे वर्षभर काम पारखायच्या अटीवर घेतलं. मला अजून राग येतो! पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींतलं सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन) शोधलं, १९३९ ला पीएच.डी. मिळवली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट फायली याहून जाड असत.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना राजेंद्रप्रसादांनी सुचवलं म्हणून त्यांनी नीरा तपासायला घेतली. अ आणि क जीवनसत्त्वं सापडली, लोह सापडलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिली, तर तब्येती सुधारल्या. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९८२-८३ मध्ये तर बाई मुंबईच्या ग्राहक संस्थेच्या अध्यक्ष होत्या. काउंटरवरचा मुलगा माझ्यावर निभावला म्हणायचं.

थंडीत जा, नवाच्या आत जा. आणि केंद्रवाल्यांनो, भावाच्या पाटीखाली नीरा किती वाजता उतरवली तेही खडूने लिहा. माझे २० रुपये राहिलेत, ते सोडले.