कॅथोडच्या अणुस्तरीय प्रतिमा करून देणाऱ्या एका प्रयोगशाळेचा अनुभव

शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज झालेल्या लिथियम-आयन सेलची क्षमता नेमकी कुठे गळाली हे पाहण्यासाठी, लिथियम वगळता धातूंपैकी 80 टक्के निकेल आणि उरलेले मँगनीज व कोबाल्ट असलेल्या कॅथोडचा (सेलच्या धन टोकाचा) नमुना आम्ही शुल्क घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सेवा देणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे पाठवला होता.

प्रतिमांच्या स्पष्टतेबद्दल तक्रारीला जागा नाही. या पद्धतीत जड अणू उजळ दिसतो आणि लिथियम जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे सुस्थितीतल्या कणात धातूंच्या ठिपक्यांच्या ओळी आणि त्यांच्यामध्ये लिथियमचे काळे पट्टे असे चित्र उमटते. आमच्या कणाच्या गाभ्यात ते तसेच होते. पृष्ठभागाकडे सरकत गेल्यावर मात्र काळ्या पट्ट्यांत फिकट ठिपके उगवू लागतात आणि शेवटच्या काही नॅनोमीटरमध्ये ओळ कोणती नि पट्टा कोणता हेच ओळखू येत नाही. निकेल आयनची त्रिज्या 0.69 अँगस्ट्रॉम आणि लिथियमची 0.76, म्हणजे लिथियम निघून गेल्यावर त्या रिकाम्या जागेत निकेल सहज शिरतो. सोबत ऑक्सिजनही निसटला की थरांची रचना मोडून मिठाच्या स्फटिकासारखी रचना तयार होते आणि लिथियमची ये-जा अडते. (अहवालात त्या ठिपक्यांना सरसकट ‘निकेल’ म्हटले आहे. मँगनीज, कोबाल्ट आणि निकेल यांचे अणुक्रमांक 25, 27 आणि 28 इतके जवळजवळ असताना नुसत्या उजळपणावरून तसे म्हणणे धाडसाचे आहे.) कणांमधल्या भेगांच्या प्रतिमा ठीकठाक आहेत.

खरा आक्षेप नोंदींबद्दल आहे. नमुन्यावर इलेक्ट्रॉनांची किती मात्रा पडली आणि तो हवेत किती वेळ उघडा होता, याचा अहवालात उल्लेखच नव्हता. इलेक्ट्रॉनांचा मारा स्वतःच ऑक्सिजन उडवून हेच रूपांतर घडवू शकतो, आणि निकेलबहुल कॅथोडच्या पृष्ठभागावर हवेतल्या ओलाव्याने व कार्बन डायऑक्साइडने लिथियम कार्बोनेट साचते. तेव्हा या दोन आकड्यांवाचून, दिसणारी हानी बॅटरीची की सूक्ष्मदर्शकाची, हे कोणी सांगावे? आम्ही पाठपुरावा केल्यावर त्यांनी कमी मात्रेत, नव्या भागावर पुन्हा प्रतिमा घेतली, आणि तो बिघडलेला थर पहिल्यापेक्षा पातळ निघाला. न वापरलेल्या कॅथोडची तुलनेसाठीची प्रतिमा मात्र त्यांनी वेगळे काम मानून वेगळे शुल्क लावले.

पुढचा नमुना आम्ही त्यांच्याकडेच पाठवणार आहोत, फक्त या वेळी मात्रेची कमाल मर्यादा आणि हवाबंद हाताळणी या दोन्ही अटी मागणीपत्रातच लिहून दिल्या आहेत.