१४ वर्षांचा लोखंडी कूलर: भंगारात न देता दुरुस्त केला, त्याचा एका उन्हाळ्याचा अनुभव

होळी झाली की नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत जिन्यावरून कूलर उतरवण्याचे आवाज सुरू होतात. यंदा आमचा खाली आणला तेव्हा त्याच्या बुडातून मूठभर गंज पोर्चमध्ये सांडला. नवरा लगेच म्हणाला, "दे भंगारात. चौदा वर्षं झाली, अजून किती पिळशील त्याला?"

हा कूलर २०११ मध्ये महाल भागातल्या एका कारागिराकडून बनवून घेतलेला. लोखंडी पत्रा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, १८ इंची पंखा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, त्या दुपारी सासूबाई, मी आणि शेजारच्या दोन पोरी याच्याच समोर सतरंजी टाकून पडलो होतो. आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापतो, रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर कोमट लागते. कूलरशिवाय एप्रिल निघत नाही. बेडरूमसाठी मागच्या वर्षी प्लॅस्टिक बॉडीचा, रिमोटवाला कूलर घेतला होता, त्यामुळे यंदा जुना आणि नवा दोन्ही शेजारीशेजारी वापरून झाले.

तर आधी दुरुस्तीची कथा. बटण दाबलं की मोटर नुसती घूं घूं करायची, पंखा काही फिरेना. पहिला मेकॅनिक आला, दोन मिनिटं कान लावला आणि निकाल दिला, "ताई, मोटर जळाली याची. काऊन यात पैसे घालून राहिल्या? नवीनच घेऊन टाका." त्याच्या ओळखीचं दुकानही होतं, हे ओघानं आलंच.

मोटर जळाली असती तर वास आला असता, असं मला उगाच वाटत राहिलं. म्हणून दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी लाकडी पट्टीनं पातं हलकेच ढकललं आणि पंखा फिरायला लागला. एकदा ढकलल्यावर फिरतो, म्हणजे वाइंडिंग, मोटरमधली तारेची गुंडाळी, शाबूत आहे, सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर तेवढा गेलाय. नवीन कंडेन्सर ७० रुपयांचा. मोटर तांब्याच्या वाइंडिंगची निघाली. ते म्हणाले, "मोटर ठणठणीत आहे बाई. तुमची टाकी गेली." आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टाकीचं बूड ठोकत गेले. मधे टणटण आवाज, कोपऱ्यांत मात्र ठप्प. डाव्या कोपऱ्यात मूठ जराशी आतच गेली.

त्यांचं म्हणणं होतं की नुसती नवी बॉडी घ्या, २२ गेजची, मोटर-पंप यातलाच बसवून देतो. पत्र्याचा गेज जितका कमी तितका पत्रा जाड, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी उलटंच समजत होते. बॉडीचे साडेचार हजार सांगितले. मार्चमध्ये सगळ्या नागपूरला एकाच वेळी कूलर आठवतो, तेव्हा भाव उतरायचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, यंदा बुडाला पत्रा जोडून द्या.

हिशेब असा झाला: तळाचा पत्रा आणि वेल्डिंग ९००, आतून डांबर ३५०, तीन ताट्या ३९०, पंप २८०, मोटरचे बुश २५०, कंडेन्सर ७०, मजुरी ५००. एकूण २७४० रुपये. याच मापाचा नवा लोखंडी कूलर साडेआठ हजारांना पडत होता.

साफसफाई मी स्वतः केली, आणि खरा फरक पडला तो तिथेच. मागची दोन वर्षं आम्ही "आता हा पहिल्यासारखा गार करत नाही" म्हणत होतो आणि दोष मोटरला देत होतो. ताट्यांवर पाणी सोडणारी वरची पन्हळ काढली तर तिची निम्मी भोकं पांढऱ्या क्षारानं बंद. पेंच धरणाचं नळाचं पाणी कमी पडलं की आम्ही बोअरचं भरतो, त्याचा हा प्रताप. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि टाकीतलं उरलेलं पाणी रोज जास्त खारट होत जातं. भोक बंद झालं की त्याच्या खालचा ताटीचा पट्टा कोरडा राहतो, आणि कोरड्या गवतातून बाहेरची लू जशीच्या तशी खोलीत येते. पंखा बिचारा फिरतोच आहे. हे तपासायला काही लागत नाही: कूलर अर्धा तास चालला की बाहेरून ताटीवर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवायचा. आमच्या उजव्या ताटीवर चार बोटं रुंद पट्टा पापडासारखा कडकडीत लागला होता. पन्हळ रात्रभर लिंबूसताच्या पाण्यात ठेवली, सकाळी दाभणानं एकेक भोक मोकळं केलं. दीड तास गेला, पाठ धरली, पण एप्रिलच्या पहिल्याच दुपारी सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, कमी कर, गारठले मी!"

आकडेच हवे असतील तर, बाहेर ४४ असताना दुपारी तीनला हॉलमधला तापमापक ३१ वर होता. मागची खिडकी आणि समोरचं दार दोन्ही उघडं ठेवून. दार लावून कूलर चालवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ओली हवा बाहेर गेलीच नाही तर तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं आणि मग कूलरला शिव्या.

आता प्लॅस्टिकवाल्याबद्दल. आवाज कमी, चाकं आहेत, हात लावला तर शॉकची धास्ती कमी, रिमोट उशाशी. झोपायला उत्तम. पण हवेचा झोत पलंगाच्या पायथ्यापर्यंतच पोचतो, हॉलला तो पुरणार नाही. त्यातल्या हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या, जाळ्या गवतापेक्षा जास्त टिकतात, मात्र दुसऱ्याच वर्षी त्यांवरही पांढरी साय धरली. त्या कागदाच्याच असतात, ब्रशनं घासल्या की कडा कुस्करतात. लिंबूसताच्या पाण्यात भिजवून साध्या पाण्याची हलकी धार, एवढंच करायचं. बर्फाच्या कप्प्याचं कौतुक दुकानदारानं फार केलं होतं. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या लेकीनं त्याची हवाच काढली: एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी वाफ होताना घेतं. म्हणजे ट्रेभर बर्फ टाकण्यापेक्षा बादलीभर पाणी वेळेवर ओतलेलं बरं. आता त्या कप्प्यात रिमोटचे जुने सेल पडलेत.

एसी घ्यावा का, हा विषय आमच्याकडे दर मेमध्ये निघतो. कोरड्या उन्हात दोनेकशे वॉटमध्ये काम होत असताना दीड टनाच्या यंत्राला त्याच्या सहा-सातपट वीज द्यायला माझा जीव होत नाही. पण खरं सांगायचं तर मेमध्ये अवकाळी येऊन गेला की दोन दिवस, आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर कायमचाच, कूलर निकामी होतो. हवेतच ओल असली तर पाणी उडणार कुठे? त्या दिवसांत आमच्या हॉलमध्ये तापमापक ३३ दाखवायचा आणि अंगाला चादर चिकटायची. जुना कूलर असो की नवा, याला इलाज नाही. पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

वासाचा त्रास यंदा झाला नाही. रात्री बंद करण्याआधी पंप बंद ठेवून पंखा अर्धा तास चालवतो, गवत सुकतं. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या भिंती घासतो. हे घासणं मी आधी टाळायची. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटून असतात आणि पाणी नसतानाही महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणजे नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत. आठवड्याला एकदा घासलं तर अळीचा डास व्हायच्या आत खेळ संपतो.

शॉकचं मात्र गमतीत घेऊ नका. लोखंडी बॉडी, ओली फरशी आणि दोन पिनांचा प्लग, यातून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. आम्ही तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअर वीजगळतीवर तुटणारा ब्रेकर बसवून घेतलाय. तरीही पाणी भरताना प्लग काढूनच. सासूबाई तर प्लग काढून हातात धरून उभ्या राहतात.

आता कबुली. मेच्या मध्यावर डाव्या कोपऱ्यातलं वेल्डिंग सुटलं. जोडलेला पत्रा नवा, पण ज्याला जोडला तोच कुजलेला, मग टाका धरणार कशाला? रात्री दोनला खालच्या काकूंचा फोन, "अगं, आमच्या गॅलरीत पाऊस पडून राहिला का?" एम-सील लावलं, दहा दिवस टिकलं. पुन्हा लावलं. जूनपर्यंत कोपऱ्याखाली पातेलं होतं आणि त्यातलं पाणी मी रोज तुळशीला घालत होते. मिस्त्रींनी मार्चमध्ये ठोकून दाखवलं होतं, तरी मी साडेचार हजार वाचवायला तळ आणि डांबराचे साडेबाराशे घातले, ते पाण्यात गेले. मोटर, पंप, कंडेन्सर यांवर घातलेला रुपया न् रुपया वसूल झाला.

काल त्याच मिस्त्रींकडे नुसत्या बॉडीची ऑर्डर दिली. भर पावसाळ्यात कूलरचं गिऱ्हाईक पाहून ते हसले आणि ३६०० म्हणाले. मोटर काढून, पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलीय. जुनी टाकी भंगारवाल्यानं किलोवर मागितली होती, पण नवऱ्यानं ती परसात नेऊन त्यात अळू लावलाय. खाली भोकं पाडायचीही गरज पडली नाही म्हणे.