न्यू जर्सीतल्या जुन्या घरात हॉट टबसाठी 200 अँपिअरचं पॅनेल: वर्षभराच्या वापरानंतर

आमचं घर मध्य न्यू जर्सीत, 1968 सालचं. तळघरात 100 अँपिअरचं जुनं पॅनेल, म्हणजे आपल्याकडचा मेन बोर्ड. मागच्या अंगणात हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसायचा मोठा टब, 2024 च्या ऑक्टोबरात बसला. तेव्हापासून एक हिवाळा, एक ओला वसंत आणि एक उन्हाळा त्यावरून गेलाय. टबांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी त्याच्यापर्यंत वीज कशी नेली आणि ती कशी टिकली ते लिहितेय. एकूण खर्चातले दोन-पंचमांश पैसे तिथे गेले, आणि माझ्या मते तेच सर्वांत सार्थकी लागले.

दुकानात दोन प्रकार दाखवतात. एक 120 व्होल्टचा, साध्या प्लगवर चालणारा. दुसरा 240 व्होल्टचा, 50 अँपिअरची स्वतंत्र लाइन मागणारा. पहिला घेतला की वायरिंगचा खर्च वाचतो, म्हणून मन तिकडे ओढतं. पण हिशोब करून बघा. आमच्या टबात 350 गॅलन, म्हणजे साधारण सव्वातेराशे लिटर पाणी बसतं. दीड किलोवॅटच्या हीटरवर ते तासाला जेमतेम एक अंश सेल्सिअस चढतं. साडेपाच किलोवॅटवर साडेतीन. शिवाय प्लगवाल्या टबात सहसा जेट, म्हणजे पाण्याचे फवारे, जोरात सुरू केले की हीटर बंद होतो, कारण दोन्हींना पुरेल एवढी वीज त्या प्लगमधून मिळतच नाही. जानेवारीत बाहेर उणे तापमान असताना झाकण काढून तासभर बसायचं, तर पाणी तुमच्या अंगावर निवत जाणार. कॅलिफोर्नियात ते चालेल. इथे 240 च घ्या.

टब ठरला आणि खरा प्रश्न पॅनेलचा आला. विकणारा म्हणाला होता, "हजार-बाराशेत लाइन होऊन जाईल." इलेक्ट्रिशियननं मात्र आधी वही काढली. इथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेत घराचा लोड काढायची ठरलेली रीत आहे. क्षेत्रफळाच्या दर चौरस फुटाला 3 व्होल्ट-अँपिअर, स्वयंपाकघराच्या आणि लाँड्रीच्या सर्किटांना प्रत्येकी 1500, मग शेगडी, ड्रायर, डिशवॉशर वगैरे. या बेरजेतले पहिले 10,000 पूर्ण धरायचे, उरलेले 40 टक्के, आणि एसी वेगळा मिळवायचा. आमची शेगडी आणि ड्रायर दोन्ही विजेवरचे, त्यामुळे टब नसतानाच आकडा 96 अँपिअरवर होता. टब धरला तर 114, म्हणजे पॅनेलच्या 100 च्या पलीकडे. नुसत्या नजरेनं "चालून जाईल" म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला हा कागद मागा. जो देत नाही त्याला काम देऊ नका.

म्हणून आधी 200 अँपिअरची सर्व्हिस, म्हणजे वीज कंपनीकडून घरात येणारी जोडणी, घेतली. त्यात बाहेरची जाड केबल, मीटरची पेटी, पॅनेल आणि अर्थिंगचे आठ-आठ फुटी दोन रॉड, सगळं नवीन आलं. संहितेच्या 2020 च्या आवृत्तीपासून राहत्या घराला बाहेरून तोडता येणारा आपत्कालीन स्विच आणि पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारा) लागतो, तेही आलं. याचे 3,800 डॉलर. टबाच्या लाइनचे, खोदकामासकट, 1,900. नगरपालिकेच्या परवान्याची फी वेगळी. पॅनेल बदलताना दिवसभर घरात वीज नव्हती. वीज कंपनीची तारीख मिळायलाच काही आठवडे गेले, आणि त्या काळात टब गॅरेजसमोर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडला होता. टब मागवण्याआधी ही तारीख पक्की करा.

लाइन कशी गेली ते जरा सविस्तर सांगते, कारण दरपत्रकं वाचताना हेच समजत नाही. पॅनेलपासून तळघराच्या छताखालून भिंतीपर्यंत 6 गेजची तांब्याची केबल आहे. भिंतीबाहेर मात्र ती केबल चालत नाही, तिचं आवरण ओलीसाठी नसतं. तिथून पुढे पीव्हीसी पाइप आणि त्यात ओलाव्याला चालणाऱ्या सुट्या वायरी: दोन लाइव्ह, एक न्यूट्रल आणि एक हिरवी अर्थिंगची. पाइप जमिनीखाली किमान 18 इंच हवा. खोदण्याआधी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी दाखवणाऱ्या सेवेला, फोन करणं बंधनकारक आहे, तेही तीन कामकाजाचे दिवस आधी. माणसं फुकट येतात आणि गवतावर रंगानं खुणा करून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, निळा म्हणजे पाणी. आमच्या आखलेल्या रेषेतून चक्क पिवळी खूण गेली. चर चार फूट सरकवावा लागला, आणि तो फोन केला याबद्दल मला आजही बरं वाटतं.

टबाजवळ भिंतीवर एक छोटी पेटी आहे, तिला स्पा पॅनेल म्हणतात. ती टबातून दिसली पाहिजे, पण पाण्यापासून पाच फुटांच्या आत असता कामा नये. कारण उघड आहे: दुरुस्ती करणाऱ्याला वीज खरंच तोडलेली डोळ्यांनी दिसावी, आणि पाण्यात बसलेल्याचा हात मात्र तिथवर पोचू नये. याच पेटीत जीएफसीआय ब्रेकर असतो, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा, आपल्याकडच्या आरसीसीबीसारखा. न्यूट्रल जोडण्याचा गोंधळ इथेच होतो. टबाकडून येणारा न्यूट्रल ब्रेकरच्याच टर्मिनलला लावायचा आणि ब्रेकरची पांढरी गुंडाळलेली शेपटी न्यूट्रल पट्टीला. उलट केलं तर टब सुरू करताच ब्रेकर पडतो आणि लोक बिचाऱ्या टबाला दोष देतात.

डिसेंबरात आई-आप्पा आले. आप्पांची सगळी नोकरी महाराष्ट्राच्या वीज मंडळात गेली. बॅग उघडायच्या आधी ते तळघरात. "अगं, घरात दोन फेज घेतलेत यांनी?" म्हणाले. मी सांगितलं, "तसं नाही आप्पा, एकाच ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगची दोन टोकं आहेत, मधून न्यूट्रल काढलाय. एका टोकापासून न्यूट्रलपर्यंत 120, दोन्ही टोकांमध्ये 240." ते त्यांना पटलं. मग अर्थिंग. कोळसा-मिठाचा खड्डा नाही, नुसते रॉड ठोकलेत, हे काही त्यांना रुचलं नाही. पण ब्रेकरवरचा आकडा वाचून ते थांबले. आपल्याकडे घरात साधारणपणे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतात. इथला जीएफसीआय 4 ते 6 मिलिअँपिअर गळतीलाच तोडतो. "मग नातवाला बसू दे," म्हणाले. माझ्यासाठी तपासणी तिथेच पूर्ण झाली, नगरपालिकेच्या निरीक्षकाची सही त्याआधीच आलेली असली तरी.

त्या निरीक्षकाबद्दलही सांगायला हवं. तो दोनदा आला, चर उघडा असताना आणि काम संपल्यावर. पहिल्या वेळी त्यानं टेपनं खोली मोजली आणि टबाच्या काठाची उंची विचारली. बाहेरच्या तयार टबाचा काठ भोवतालच्या जमिनीपासून किमान 28 इंच उंच असेल आणि संहितेतल्या बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर टबाभोवती जमिनीत, झटका बसू नये म्हणून, तांब्याचं कडं पुरायची गरज राहत नाही. आमचा काठ 36 इंचांवर आहे. डेकमध्ये अर्धा बुडवलेला टब छान दिसतो, पण तिथे हे कडं आलं आणि त्याचा खर्चही आला. डेकचं चित्र काढतानाच हे विचारून घ्या.

वर्षभरात वायरिंगची तक्रार एकच उद्भवली. जानेवारीच्या कडाक्यात ब्रेकर पडायला लागला. वर करावा, तास-दोन तास चालावा, पुन्हा पडावा. अशा वेळी वेळ दवडता येत नाही, कारण वीज नसली की पाणी फिरत नाही आणि टबाच्या आतले पाइप गोठून फुटू शकतात. इलेक्ट्रिशियन त्याच संध्याकाळी आला. त्यानं पेटीत वीज तोडून टबातल्या हीटरच्या वायरी सोडवल्या आणि परत सुरू केलं. ब्रेकर टिकला. म्हणजे लाइन ठीक, हीटरच्या कॉइलमधून धातूकडे गळती. पंप चालू ठेवून दोन रात्री काढल्या, वॉरंटीत नवा हीटर आला. ब्रेकर पडतोय म्हणून जास्त अँपिअरचा किंवा साधा ब्रेकर लावून द्या, असं सुचवणारा शेजारी प्रत्येकाला असतो. कृपा करून ऐकू नका. त्या आठवड्यात त्या ब्रेकरनं नेमकं तेच केलं ज्यासाठी तो बसवला होता, आणि टबात माझी आई बसत होती.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. भिंतीवरून जाणारा राखाडी पाइप दिसायला कुरूप आहे. आम्ही तो भिंतीच्या रंगात रंगवला. चराच्या रेषेत गवत अजून नीट धरलेलं नाही. पावसानं ब्रेकर एकदाही पडला नाही, पेटीत ओल शिरली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवरा टेस्टचं बटण दाबतो. एसी, ड्रायर आणि टब एकत्र चालले तरी दिवे मंद होत नाहीत. जुन्या पॅनेलवर नुसता ड्रायर सुरू झाला की स्वयंपाकघरातला दिवा लवत असे. चर उघडा होता तेव्हाच ड्राइव्हवेच्या बाजूला एक रिकामा पाइप टाकून ठेवला, पुढे इलेक्ट्रिक गाडी आली तर तिच्या चार्जरसाठी. त्याला लागले जेमतेम दीडशे डॉलर.

बिल हिवाळ्यात महिन्याला 55 ते 60 डॉलरनं वाढलं, मे महिन्यात वीसेक. 2025 च्या जूनपासून न्यू जर्सीतल्या घरगुती ग्राहकांची वीजबिलं सरासरी 17 ते 20 टक्क्यांनी वाढली, त्यामुळे येत्या हिवाळ्यात सत्तरच्या आसपास जाईल असा माझा अंदाज आहे. तापमान आम्ही 104 ऐवजी 100 फॅरेनहाइटवर ठेवतो आणि झाकणाचा एक कोपरा फाटला होता तो लगेच बदलला. बिलावर सर्वांत जास्त फरक त्या झाकणानं पडला.

1990 च्या पुढचं घर असेल तर 200 अँपिअरचं पॅनेल बहुधा आधीच असेल. मग तुमचा वायरिंगचा खर्च आमच्या एक तृतीयांशावर येईल. त्याहून जुनं असेल तर मेन ब्रेकरवरचा आकडा आज रात्रीच तळघरात जाऊन वाचा, आणि टबाच्या दुकानात त्यानंतर जा.