बदली ड्रायव्हर: पुणे ते दिवेआगर, वादळानंतरचा पाचवा दिवस

बदली ड्रायव्हर देणाऱ्या या एजन्सीला चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं. त्यानंतर चुलतसासऱ्यांचा फोन तीन दिवस लागलाच नाही. चौथ्या दिवशी कोणाच्या तरी मोबाईलवरून एवढंच कळलं, की कौलं गेली, वाडी आडवी झाली, माणसं ठीक आहेत. नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मी कोथरूड ते ऑफिस एवढीच गाडी चालवते, ताम्हिणी उतरायची माझी हिंमत नाही. म्हणून या एजन्सीला फोन केला. गाडी आपली, ड्रायव्हर त्यांचा. लॉकडाऊन होता, प्रवासाचा ई-पास आम्हीच काढला. ड्रायव्हर अधिक दोघं असा तेव्हाचा नियम, म्हणून मी आणि दीर निघालो. मागे ताडपत्र्या, मेणबत्त्या, तांदूळ.

सहाची वेळ दिली होती, ड्रायव्हर आला पावणेसातला. एजन्सीचा फोन नाही, मेसेज नाही. माझं डोकं तापलेलं. आला तो साठीच्या आसपासचा, एसटीतून निवृत्त झालेला माणूस, मास्क नाकाच्या वरपर्यंत नीट. गाडीत बसायच्या आधी त्यांनी चारही टायर पाहिले, वायपर उचलून त्याच्या रबरावरून बोट फिरवलं आणि पुढची काच आतून-बाहेरून पुसली. मला वाटलं, आता आणखी उशीर!

माणगावपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. माणगाव सोडून म्हसळ्याकडे वळलो आणि चित्र बदललं. खांब वाकलेले, झाडं कापून कडेला ओढलेली, आणि रस्त्यावरच्या पाट्यांचा तर पत्ताच नाही. वळणाची पाटी नाही, अरुंद पुलाची नाही. दीर मोबाईलवर नकाशा बघत होता, तो मोरब्याच्या पुढे गोठला. रेंजच नव्हती.

एका फाट्याच्या अलीकडे पत्र्याची एक पाटी तोंड खाली करून गवतात पडली होती. ड्रायव्हरकाकांनी गाडी पूर्ण थांबवली. समोर कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं. मी विचारलं, "काय लिहिलंय त्यावर?"

"वाचायचं कशाला ताई? आठ कोन हायत. आठ कोनांची एकच पाटी असते, थांबा." उलटा त्रिकोण असेल तर दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. आणि जिथे नुसताच मोडका पाईप उभा आहे तिथे आपल्यासाठी थांबाचीच पाटी होती असं धरायचं, उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं. लायसन काढताना मी हे सगळं पाठ केलं होतं. परीक्षा संपली आणि विसरले.

म्हसळ्याच्या पुढे, जिथे एक रस्ता श्रीवर्धनला आणि एक, म्हणजे आमचा, बोर्ली-दिघीकडे फुटतो, तिथे मात्र हिरवा बोर्ड उभा होता. शाबूत, धुतल्यासारखा स्वच्छ. बाण डावीकडे. दीर म्हणाला, "चला, एक तरी वाचला." काका उतरले. बोर्ड न वाचता थेट त्याच्या बुडाशी जाऊन उकिडवे बसले. मीही काच खाली करून पाहिलं. काँक्रीटला चीर गेली होती, पाईपभोवती ओल्या लाल मातीत अर्धवर्तुळाकार ओरखडा उठला होता. वाऱ्याने अख्खा बोर्डच खांबासकट फिरवला होता.

"पडलेल्याची भीती नाय ताई, फिरलेल्याची हाय. पडलेला दिसला की माणूस विचारतो तरी."

मग त्यांनी शोधला तो किलोमीटरचा दगड. पत्रा उडतो, दगड जागेवर राहतो. फांद्यांखाली दडलेला दगड त्यांनी पायाने मोकळा केला, त्यावरचं गाव आणि आकडा वाचला. वर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा, हे मला पहिल्यांदाच कळलं. पुढच्या दगडावर आकडा एकने कमी झाला तरच रस्ता बरोबर, नाहीतर मागे फिरायचं. दिराला काम लागलं, तो बोर्लीपर्यंत आकडे ओरडत बसला.

वेग तीसच्या वर नाही. पाऊस आला तेव्हा मी म्हटलं, चारही इंडिकेटर लावा. लावले नाहीत. "मग मी वळतोय की नाय ते मागच्याला कसं कळायचं?" दिवे खालचे, एवढंच. एके ठिकाणी तार रस्त्यावर लोळत होती. दोन मोटरसायकली तिच्यावरून गेलेल्या आम्ही पाहिल्या, तरी काका लांबच थांबले. गावातल्या पोरांनी लाईन बंद असल्याचं सांगितलं, त्यावरही विश्वास नाही. वायरमन येईपर्यंत पाऊण तास आम्ही गाडीत शेंगदाणे खात होतो. तेव्हा मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही म्हटलं.

दिवेआगरबद्दल इथे लिहीत नाही. सुपारीची झाडं काड्यांसारखी पडलेली, एवढंच.

परत निघायला पाच वाजले. काकांनी स्पष्ट नकार दिला. आले तेव्हा वाटेत किती पाट्या पडल्यात ते त्यांनी मोजलं नव्हतं, पण अंधारात त्या दिसणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी माझी ऑफिसची मीटिंग होती, ती बुडाली. रात्र ओटीवर ताडपत्रीखाली काढली, सकाळी उजाडल्यावर निघालो आणि साडेअकराला घरी.

आता पाचवा तारा. बिलात एजन्सीने 'नाईट चार्ज' लावला तो ठीक, पण त्याच्याखाली 'खराब रस्ता' म्हणून आणखी तीनशे रुपये. फोनवर बोलताना याचा उच्चार नव्हता. काकांना विचारलं, त्यातला एक रुपया त्यांना मिळत नाही. मी भांडले, दीडशे कमी केले.

तुम्ही फोन कराल तेव्हा 'एसटीत काम केलेले, कोकणातला रस्ता माहीत असलेले' असं आधीच सांगा. न सांगितलं तर जो मोकळा असेल तो पाठवतात. आमच्या शेजाऱ्यांना दुसऱ्याच आठवड्यात एक पोरगा मिळाला, तो मोबाईलची रेंज जाताच माणगावहून परत फिरला.