‘राइज’ या एका शब्दावर घासून पाहिलेले चार इंग्रजी कोश

इंग्रजी कोश निवडताना त्यात ‘ॲपल’ किंवा ‘टेबल’ काढून बघण्यात अर्थ नाही, ते सगळ्यांनाच येतं. ‘राइज’ काढावा. हे क्रियापद कोशाची लायकी दोन मिनिटांत उघडी पाडतं. सूर्य उगवतो, भाव चढतात, पावाचं पीठ फुगतं, वारा जोर धरतो, माणूस झोपेतून उठतो, नदी डोंगरात उगम पावते, प्रजा बंड करते: मराठीत सात क्रियापदं, इंग्रजीत एकच. कोशाने नुसतं ‘वर जाणे’ म्हणून हात झटकले, तर तो कोश शाळकरी पोराच्याही कामाचा नाही.

इथे घेतलेले चारही कोश ब्राउझरमध्ये फुकट उघडतात. जाहिराती सोसाव्या लागतात, एवढीच किंमत. चारही इंग्रजी-इंग्रजी आहेत. मराठी अर्थ देणाऱ्या ॲपांबद्दल पुढे बोलू.

मेरियम-वेबस्टरपासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. हा कोश अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावतो. म्हणजे आज लोक शब्द कसा वापरतात ते आधी येत नाही, इंग्रजीत जो अर्थ आधी आला तो आधी येतो. त्यामुळे ‘राइज’खाली पहिल्यांदा भेटतं ते आडवं पडलेल्या, गुडघे टेकलेल्या किंवा बसलेल्या माणसाचं उभं राहणं, आणि लगेच त्यामागे मेलेल्याचं पुन्हा जिवंत होणं. येशूच्या पुनरुत्थानाला इंग्रजीत हेच क्रियापद लागतं, म्हणून तो अर्थ तिथे शोभतो. पण पेपरात ‘प्राइसेस रोज’ (भाव चढले) वाचून कोश उघडणाऱ्याला बरंच खाली सरकावं लागतं. शब्दाचा वंशवेल बघायचा असेल तर उत्तम. पहिला अर्थ तोच मुख्य अर्थ, असं समजून इथे येऊ नये. ही चूक शिक्षकही करतात.

लाँगमन याच्या अगदी उलट. १९७८ साली निघालेल्या या कोशाची ख्याती दोन गोष्टींवर आहे. एक, सगळ्या व्याख्या साधारण २००० ठरावीक सोप्या शब्दांत बसवलेल्या. दोन, जास्त वापरातला अर्थ आधी. म्हणून इथे पहिलाच अर्थ भाव, संख्या, प्रमाण वाढण्याचा. प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर एक-दोन शब्दांची पाटी असते: ‘सूर्य’, ‘पाव’, ‘नदी’, ‘आवाज’. व्याख्या वाचत बसायचं नाही, नुसत्या पाट्या बघत खाली यायचं आणि आपल्या वाक्यातला कर्ता जिथे सापडेल तिथे थांबायचं. उदाहरणाच्या वाक्यांपुढे स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबलं की अख्खं वाक्य ऐकू येतं. ते जरूर दाबावं. ‘रिझन’ या तिसऱ्या रूपात पहिला स्वर ऱ्हस्व ‘इ’ आहे, आणि आपल्याकडे शंभरातले नव्वद जण ‘रायझन’ म्हणतात. मूळ रूपाच्या शेवटचा ज ‘आवाज’मधला, ‘जन’मधला नाही. तो घासून ‘राईस’ केला की भात शिजतो. दुसरं रूप ‘रोज’, उच्चार थेट गुलाबासारखा.

ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशाचा घाट लाँगमनसारखाच, पाट्याही तशाच, पण थोड्या जास्त बारीक. वाऱ्याला वेगळी पाटी, केसांना वेगळी, जमिनीच्या चढाला वेगळी, गालावर चढणाऱ्या लालीला वेगळी. भर म्हणजे शब्द आणि अर्थांना ए-वन (सगळ्यात सोपी) ते सी-वन (अवघड) अशा पातळ्यांची लेबलं लावलेली. शिकवणाऱ्याला याचा मोठा उपयोग, कारण आठवीच्या वर्गाला कुठवर न्यायचं आणि कुठे थांबायचं ते समोर दिसतं. व्याख्यांची भाषा मात्र लाँगमनपेक्षा किंचित जड. नवशिक्याने लाँगमन धरावा, ज्याला इंग्रजीत लिहायचं आहे त्याने ऑक्सफर्ड.

कॉलिन्सच्या संकेतस्थळावरचा कोबिल्ड यांत वेगळा पडतो. १९८७ मध्ये आलेल्या या कोशात व्याख्या म्हणजे एक पूर्ण वाक्य असतं: सूर्य किंवा चंद्र अमुक करतो तेव्हा तो आकाशात दिसू लागतो, रक्कम अमुक करते तेव्हा ती वाढते. कर्ता व्याख्येतच बसलेला असल्यामुळे क्रियापदाचं बिऱ्हाड कुणाकडे आहे ते पाटीशिवाय कळतं. मराठी माणसाला ही पद्धत सगळ्यात लवकर पचते, कारण आपणही शब्दाचा अर्थ असाच सांगतो: ‘म्हणजे बघ, दूध तापलं की वर येतं ना, तसं’. एक सावधगिरी हवी. पान लांबलचक असतं आणि कोबिल्ड संपला की त्याखाली ब्रिटिश आणि अमेरिकी इंग्रजीचे वेगळे कोश सुरू होतात. तिथली व्याख्या कोबिल्डची समजून वहीत उतरवली की घोळ होतो.

आता चौघांचीही सामायिक उणीव. त्यात त्यांचा दोष नाही, ते आपल्यासाठी लिहिलेलेच नाहीत. ‘राइज’ अकर्मक आणि ‘रेज’ सकर्मक, एवढं चौघेही सांगतात. पण मराठी माणसाला हा फरक आईच्या भाषेतून आधीच येतो, हे सांगणारं तिथे कुणी नाही. उठणे-उठवणे, चढणे-चढवणे, वाढणे-वाढवणे. ‘व’ लागला की कुणीतरी करणारा आला. इंग्रजीत तो ‘व’ नाही, वेगळं क्रियापदच आहे. भाव चढले तर ‘राइज’, व्यापाऱ्याने चढवले तर ‘रेज’. आवाज चढला तर पहिलं, आवाज चढवला तर दुसरं. मुलं वाढवणं, पैसा उभा करणं, प्रश्न उपस्थित करणं, हात वर करणं: सगळीकडे करणारा आहे, म्हणून सगळीकडे ‘रेज’. वाक्य आधी मराठीत म्हणून बघायचं. ‘व’ किंवा ‘करणे’ आलं की ‘रेज’. ही चाळणी दहातल्या नऊ वेळा चालते.

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. ‘गव्हर्नमेंट रोज द टॅक्स’ ही पहिली. ‘प्राइसेस वेअर रिझन’ ही दुसरी, कारण अकर्मक क्रियापदाचा कर्मणी प्रयोग होतच नाही. तिसरी ‘राइज्ड’. ‘रेज’ नियमित आहे, त्याचं ‘रेज्ड’ होतं, आणि त्याच्या वळणावर मुलं ‘राइज’लाही ‘ड’ चिकटवतात. चौथी चूक शब्दयोगी अव्ययांची आणि सगळ्यात महागात पडणारी. डाळ १०० रुपयांवर होती आणि ‘रोज बाय ट्वेंटी’ म्हटलं तर ती २० रुपयांनी वाढून १२० झाली. ‘रोज टू वन ट्वेंटी’ म्हटलं तर १२० वर गेली. बाय म्हणजे ‘ने’, टू म्हणजे ‘वर’. नाम म्हणून वापरताना कशात वाढ झाली त्याला ‘इन’, किती झाली त्याला ‘ऑफ’. पगारवाढीला ब्रिटिश ‘राइज’ म्हणतात आणि अमेरिकी ‘रेज’. तिथे आपली चाळणी चालत नाही, ते पाठच करावं. आणि ‘रेज’सारखाच हुबेहूब उच्चार असलेला, झेडने लिहिला जाणारा एक शब्द आहे, त्याचा अर्थ इमारत जमीनदोस्त करणं. ऐकून लिहिताना भान ठेवावं, नाहीतर बांधायला सांगितलेलं पाडाल.

एक अर्थ असा, जो मराठी वाचकाला इंग्रजी कोशापेक्षा स्वतःच्या कानाने लवकर कळतो. सभागृह किंवा न्यायालय ‘राइज’ होतं म्हणजे दिवसाचं कामकाज संपतं. विद्यार्थी कोश हा अर्थ देतात, पण सांसदीय, औपचारिक असा शिक्का मारून कोपऱ्यात बसवतात. मराठीत पंगत उठते, बाजार उठतो, सभा उठते, आणि कोर्टही उठतं. किरकोळ गुन्ह्यात ‘न्यायालय उठेपर्यंत’ कैद ही शिक्षा आपल्याकडे दिली जाते, इंग्रजी निकालपत्रात तिथे याच क्रियापदाचं रूप असतं. आरोपीने कोर्ट उठेस्तोवर तिथेच बसून राहायचं. विधानसभेत तर एकाच दिवशी दोन अर्थ भेटतात. सदस्य विधेयकाला पाठिंबा द्यायला ‘राइज’ होतो तेव्हा मराठीत ‘मी उभा आहे’ म्हणतो, आणि संध्याकाळी सभागृह ‘राइज’ होतं तेव्हा ते उठतं. ‘उभा राहणे’ आणि ‘उठणे’ यांची अदलाबदल केली की सदस्य उठून निघून जातो आणि सभागृह बोलायला उभं राहतं.

म्हणून इंग्रजी-मराठी ॲपांची परीक्षा याच जागी घ्यावी. बहुतेकांत एका शब्दापुढे पाच-सहा मराठी शब्द स्वल्पविराम देऊन ओतलेले असतात, कुठला कुणाबरोबर जातो ते सांगितलेलं नसतं. पिठासमोर ‘वाढणे’ आलं तर बघा, मराठीत पीठ वाढलं म्हणजे कुणीतरी ते पानात वाढलं. ‘आंबणे’ही चुकीचं. आंबणं ही आतली क्रिया, त्यामुळे जे होतं ते फुगणं. इडलीचं पीठ आंबूनही वर न येणं हे प्रत्येक घराला ठाऊक असतं.

कोणतंही ॲप किंवा भाषांतरयंत्र ही चार वाक्यं घालून तपासावं. ‘द गोदावरी रायझेस निअर त्र्यंबकेश्वर’: उगम पावते. ‘द गोदावरी इज रायझिंग’: पाणी चढतंय, नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला लोक निघतात तो अर्थ. ‘लेट द डो राइज फॉर ॲन अवर’: पीठ तासभर फुगू द्या. ‘द कोर्ट रोज ॲट फाइव्ह’: कोर्ट पाचला उठलं. शेवटच्या वाक्यात गुलाब आला तर ॲप तिथल्या तिथे काढून टाकावं. गोदावरीची दोन्ही वाक्यं सारखीच आली तर ते फक्त सुटे शब्द बघण्यापुरतं ठेवावं.

मराठी शब्द हवा असेल तर उलट्या दाराने जावं. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, फुकट शोधता येतो. वझे आणि बर्नसन यांचे मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहेत. आधी लाँगमनमध्ये आपल्याला हवी ती पाटी पक्की करायची, मग त्या अर्थाचे सुचतील ते मराठी शब्द इथे एकेक करून तपासायचे. मोल्सवर्थ शब्दाबरोबर त्याचे प्रयोगही देतो, त्यामुळे कुठला शब्द कुणाशी नांदतो ते कळतं. मात्र ‘उठणे’ टाकून काही सापडलं नाही तर कोशाला नावं ठेवू नका. तो जुन्या लेखनाचा आहे, १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या फार आधीचा, आणि त्यात प्रत्येक धातू अनुस्वार घेऊन उभा आहे: उठणें, चढणें, वाढणें. तो एक टिंब द्या आणि पुन्हा शोधा.