पिस्तुलावर लेझर लावावा का? पावसाळाभर वापरल्यानंतरचं माझं मत

पन्नाशी जवळ आली की एअर पिस्तूलवाल्यांचं दुखणं एकच: फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची पट्टी, पुसट दिसायला लागते. टार्गेट झकास दिसतं, मागच्या रिअर साइटची खाच अंदाजाने कळते, पण ज्या काळ्या पट्टीवर नजर रोखायची नेमकी तीच धूसर. वाचायचा चष्मा चढवावा तर टार्गेटचा ढग होतो. मग मनात येतंच, लेझर लावून मोकळं व्हावं. ठिपका तिथे पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाचा छर्रा. मी लावला. एक लाल, एक हिरवा, दोन्ही आलटूनपालटून वापरले, घरी कुर्ल्याला आणि शनिवार-रविवार रेंजवर. सध्या क्लबमध्ये निम्मे लोक हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्पर्धेचं आधी उरकतो. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत पिस्तुलाला फक्त ओपन साइट, म्हणजे ही साधी पट्टी आणि खाच, चालते. लेझर, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट), दुर्बीण, सगळं बाद. म्हणजे मॅच खेळणाऱ्याने लेझर घ्यायचा तो सरावापुरताच.

आता नेमाचं. माझ्या पिस्तुलाच्या दोन साइटमध्ये साधारण ३० सेंमी अंतर आहे. दोघींचा मेळ १ मिमीने चुकला तर १० मीटरवर पेलेट ३३ मिमी भरकटतं, म्हणजे दहा गुणांच्या जागी थेट सहा. उलट मेळ पक्का असेल आणि अख्खा हातच समांतर ५ मिमी सरकला, तर पेलेटही ५ मिमीच सरकतं, दहा लागतोच. म्हणून तर कोच ओरडतात की हात हलू दे, साइट हलू देऊ नकोस. लेझरचा ठिपका या दोन चुकांची बेरीज दाखवतो. मनगट वाकलं की नुसता हात डुलला, हे त्यावरून कळत नाही. शिवाय नजर फ्रंट साइटवरून उठून टार्गेटवर जाते आणि इतक्या वर्षांची सवय बघता बघता मोडायला लागते.

त्याहून वाईट म्हणजे ठिपक्याची थरथर. ती सगळ्यांचीच असते, चांगल्या नेमबाजांचीही, पण ओपन साइटमध्ये एवढी डोळ्यांवर येत नाही. लेझर लावला की ठिपका काळ्या गोलात येरझाऱ्या घालताना दिसतो आणि तो दहावरून गेला रे गेला की बोट चाप हिसकतं. दहाची रिंग ११.५ मिमीची. माझ्या लाल लेझरचा ठिपका १० मीटरवर जवळजवळ तेवढाच पसरतो, त्यामुळे बारीक नेमाच्या नावानेही बोंबच. रेंजवरच्या झगझगीत दिव्यांत काळ्या कागदावर लाल ठिपका तर शोधावा लागतो. हिरवा ठळक दिसतो, कारण आपला डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील. पण तो बॅटरी भराभर खातो.

मग पैसे पाण्यात गेले का? तसं नाही. लेझरचा उपयोग सापडला, पण ठिपका मी बघायचा सोडला तेव्हा.

घरी हॉलच्या भिंतीपासून पॅसेजच्या टोकापर्यंत जेमतेम ५ मीटर मिळतात. त्या अंतराला निम्म्या मापाचं टार्गेट लावतो, म्हणजे ५९.५ मिमीचा काळा गोल ३० मिमीच्या आसपास येतो. लेझरचे स्क्रू मुद्दाम फिरवून ठिपका टार्गेटवर न पाडता वीतभर खाली, वेगळ्या चिकटवलेल्या कोऱ्या कागदावर पाडतो. मी नेहमीसारखा ओपन साइटने नेम धरतो, पिस्तूल रिकामं, ड्राय फायर. फ्रंट साइटवर नजर असली की खालचा ठिपका मला जाणवतही नाही. कागदाशेजारी कडेला टीपॉयवर मोबाइल स्लो मोशनवर लावलेला असतो आणि सोफ्यावरून मुलगी बघत असते.

पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, टक् वाजायच्या आधीच ठिपका खाली पळतो." मला पटेना. व्हिडिओ सावकाश चालवला. ठिपका छान छोट्या अंड्याएवढ्या जागेत घुटमळत होता आणि चाप सुटायच्या किंचित आधी खाली-डावीकडे सर्रकन उतरला. उजव्या हाताच्या माणसाने बोटाबरोबर सगळी मूठ आवळली की हेच होतं. कोच हेच सांगत होते, पण सांगणं वेगळं आणि स्वतःचा ठिपका पळताना बघणं वेगळं. फॉलो थ्रूचंही तसंच: चाप सुटल्यावर हात किती लवकर सैल पडतो, ते व्हिडिओत लपत नाही. यासाठी परदेशी इलेक्ट्रॉनिक ट्रेनर मिळतात, ठिपक्याचा सगळा माग संगणकावर काढून देतात, पण त्यांच्या किमती ऐकून मी चहा घेऊन परत आलो.

ज्यांना लेझरनेच नेम धरायचा आहे, त्यांच्यासाठी एक हिशेब. लेझर नळीच्या खाली बसतो, समजा ४ सेंमी. १० मीटरला झीरो केला, म्हणजे ठिपका आणि पेलेट एकाच जागी जुळवले, तर ५ मीटरवर ठिपका पेलेटच्या वाटेपेक्षा २ सेंमी खालीच राहणार. अंतर बदललं की झीरो गेला. मॅच पिस्तुलाला लेझर बसवायची रेल (खाचांची पट्टी) नसते, म्हणून क्लॅम्प लागतो. तो हवेच्या सिलिंडरवर करकचून आवळायच्या भानगडीत पडू नका. माझ्या लाल लेझरचा क्लॅम्प दर काढ-घालीत वेगळाच बसतो, ॲलन की खिशातच ठेवावी लागते. पुढे वजन वाढून तोल बदलतो तो वेगळाच. जुलैत हिरव्याच्या भिंगावर आतून वाफ धरली. विकणाऱ्याने "मुंबईची हवाच तशी" म्हणून हात झटकले. तेव्हापासून दोन्ही सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात.

सुरक्षेचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. ५ मिलिवॅटचा लेझरही डोळ्यात थेट गेला तर धोकाच, आणि स्वस्त हिरव्यांवरच्या लेबलचा भरवसा धरू नये. काहींतून न दिसणारे अवरक्त किरणही निसटतात. आमच्याकडे कपाटाचा आरसा, टीव्ही आणि गणपतीच्या फोटोची काच, तिन्हींवर आधी चादर पडते. खिडकीचे पडदे बंद. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या भिंतीवर लाल ठिपका फिरला तर आपण सराव करत होतो हे पोलिसांना समजावत बसावं लागेल. विमानं तर आमच्या डोक्यावरूनच उतरतात, आणि विमानतळाच्या परिसरात लेझर मारण्यावर मुंबई पोलिसांचे बंदीचे आदेश निघत असतात. गच्चीवर लेझर नेऊच नका.

आणि ज्या दुखण्यासाठी लेझर आणला, ते चष्म्याने गेलं. दूरच्या नंबरात साधारण अर्धा डायॉप्टर वाढवून एकाच डोळ्याची शूटिंग लेन्स करून घेतली, पुढे आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं भोक. फ्रंट साइट पुन्हा कडक दिसते, टार्गेट थोडं धूसर. तसंच हवं.

परवाना असलेले एक स्नेही घरातल्या रिव्हॉल्व्हरसाठी विचारत होते. अमेरिकेत मुठीतच बसवलेले लेझर खूप चालतात, आणि अंधारात, आडोशाआडून, साइट डोळ्यांसमोर आणता येत नसेल तेव्हा त्यांचा उपयोग होतो हे खरं. पण ती मूठ ठरावीक मॉडेलांच्या मापाची असते, यांच्या जुन्या .३२ ला बसणार नाही. शिवाय ठिपका कुठे पडलाय हे कळतं, कुणावर पडलाय हे कळत नाही. मी त्यांना म्हटलं, आधी चांगला टॉर्च घ्या.