कमरेसाठी विजेचा हीटिंग पॅड : हिवाळा ते पावसाळा वापरून

कंबर धरली की पहिला सल्ला मिळतो शेकाचा, आणि तो चुकीचा नाही. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं काही वेळ दबतं. पण मणक्यांमधली सरकलेली गादी शेकाने जागेवर येत नाही. शेकून तसंच पडून राहिलं तर तासाभरात कंबर पुन्हा होती तशी. पॅड बाजूला केल्यावर मिळणारा सुटसुटीत अर्धा तास हालचालीला लावला तरच पैसे वसूल.

पॅड साधा आहे : कापडी, तीन टप्प्यांचं बटण, साठ वॅट. वीस मिनिटांना ०.०२ युनिट जळतं, तेव्हा बिलाची चिंता नको. घेताना चौकोनात चौकोन ही खूण शोधा. ती दुहेरी इन्सुलेशनची, दोन पिनांच्या वायरीला हवीच. दुकानदार ‘ऑटो कट आहे’ म्हणाला तर टायमर आहे का ते वेगळं विचारा. अनेकदा तो नुसता थर्मोस्टॅट निघतो : तापला की बंद, निवला की चालू, असं रात्रभर. टायमर नसेल तर मोबाइलचा अलार्म लावूनच बसायचं.

डिसेंबर-जानेवारीत नाशकात पारा एक आकड्यावर येतो तेव्हा पॅड तापायला वेळ घेतो. पाच मिनिटं वरच्या टप्प्यावर ठेवून, अंगाला लावताना मधल्यावर आणावा. मध्ये पातळ सुती कापड. १५ ते २० मिनिटं पुरतात. पॅडवर उताणं झोपू नये, वजनाखाली उष्णता कोंडते आणि आतल्या तारा दुमडतात. कुशीवर किंवा पालथं होऊन वरून ठेवावा. बाम चोळून वर शेक तर मुळीच नको, कातडी भाजते. रोज तासन्‌तास शेकणाऱ्यांच्या कमरेवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. ते दिसले की शेक बंद.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल. द्राक्षबागेत छाटणीला दिवसभर हात वर करून उभं राहिलं की कंबर मागे कमानते. अशांना बऱ्याचदा गुडघे पोटाशी घेतल्यावर सुटतं : उताणं झोपून एक गुडघा छातीशी, १० सेकंद, मग दुसरा, प्रत्येकी पाच वेळा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत खुर्चीत किंवा मशिनवर वाकून काम करणाऱ्यांचं उलट. त्यांनी पालथं होऊन आधी कोपरांवर, मग तळहातांवर छाती उचलावी, कंबर ढिली सोडून, सावकाश १० वेळा. पायात कळ जात असेल तर खूण सोपी आहे : कळ वर कमरेकडे सरकली तर दिशा बरोबर, पोटरीकडे उतरली तर तिथेच थांबायचं. मग घरातल्या घरात का होईना, दहा मिनिटं चालायचं. आठवडाभर अंथरुणावर पडून राहण्याचा जुना सल्ला आता डॉक्टरही देत नाहीत.

सकाळचा पहिला अर्धा-पाऊण तास मात्र वाकणं टाळा. रात्रीतून मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, वाकलं की ताण जास्त येतो. नळाला पाणी नेमकं तेव्हाच येतं, त्याला इलाज नाही. बादली अर्धीच भरा आणि गुडघ्यात वाकून अंगाजवळ धरून उचला.

रबरी पिशवी अजूनही स्वस्त आणि लाइट गेली तरी चालणारी. उकळतं पाणी ओतू नये, दोन तृतीयांश भरावी, हवा दाबून काढून मगच बूच आवळावं. फुटते ती बहुधा जुन्या, तडकलेल्या रबरामुळे. आमच्या घरात आता ती फक्त पॅड बिघडला तर.

कमरेचा पट्टा वेगळी गोष्ट. खड्ड्यांतून दुचाकीवर नाशिकरोडपर्यंत जायचं असेल तेवढ्यापुरता ठीक, घरी आल्यावर आणि झोपताना काढायचा. माप बेंबीच्या पातळीवर घ्यावं, पँटच्या नंबरावरून घेतलेला हमखास वर चढतो.

पॅडची खोड एकच : वायर कंट्रोलरपाशी तुटते, कारण सगळे ती पॅडभोवती गुंडाळतात. सैल वेटोळं करून ठेवावी. पावसाळ्यात धुतलेलं कव्हर दोन दिवस ओलसर राहतं, खडखडीत वाळल्याशिवाय चढवू नये. यासाठी एक जादा कव्हर घ्यावं.

मधुमेहाने पाय किंवा कातडी बधिर झालेल्यांना पॅड देऊ नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. पडून किंवा मार लागून दुखणं सुरू झालं असेल, सोबत ताप असेल, तर शेकत न बसता डॉक्टरांना दाखवा. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठा, रात्र असली तरी.